बर्फात चेन निवडायची ती उतारासाठी

दर डिसेंबरात मोबाइलवर तेच व्हिडिओ फिरतात. मनालीच्या वरचा सोलंग ते अटल बोगदा हा रस्ता, त्यावर आडव्यातिडव्या घसरत येणाऱ्या गाड्या, दार उघडून बाहेर उडी मारणारे ड्रायव्हर. २०२४ च्या नाताळाच्या तोंडावर याच पट्ट्यात सुमारे हजार गाड्या अडकल्या आणि पोलिसांना पर्यटकांना बाहेर काढावं लागलं. बर्फ पडला की तिथले पोलीस पुढे फक्त फोर बाय फोर किंवा टायरवर साखळ्या, म्हणजे चेन, लावलेल्या गाड्या सोडतात. काश्मीरमध्ये तंगमर्गहून गुलमर्गला चढतानाही तेच.

आता पुण्या-मुंबईहून स्वतःची थार, जिमनी नाहीतर स्कॉर्पिओ घेऊन थंडीतली स्पिती बघायला जाणारे कमी राहिले नाहीत. त्यांना दुकानात किंवा ऑनलाइन ‘स्नो चेन’ शोधली की पाचशे रुपयांच्या प्लास्टिकच्या पट्ट्यापासून जर्मन-ऑस्ट्रियन पोलादापर्यंत सगळं एकाच रांगेत दिसतं. कुठली घ्यावी? बहुतेक जण किमतीवरून ठरवतात, काही जण ब्रँडवरून. माझ्या मते ठरवायचं ते उतारावरून. त्यातही इथे मी बर्फ बाजूला सारून मोकळ्या केलेल्या महामार्गाबद्दल बोलत नाही. स्पितीतल्या काझाहून वर लांगझा, हिक्किम, कॉमिक या गावांना जाणाऱ्या, चार हजार मीटरच्याही वर पोचणाऱ्या अरुंद वाटा डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे.

फोर बाय फोर आहे, मग चेन कशाला?

टायर आणि रस्ता यांच्यातली पकड मोजायला एक आकडा वापरतात, घर्षणांक. कोरड्या डांबरावर तो साधारण ०.७ असतो. दाबून बसलेल्या बर्फावर ०.२ च्या आसपास आणि पाणी गोठून झालेल्या गुळगुळीत थरावर ०.१ किंवा त्याहून कमी. नुसत्या आकड्यांनी काही कळत नाही, म्हणून गाडी थांबवून बघू. ताशी ४० किलोमीटरने सपाट रस्त्यावर जाताना करकचून ब्रेक दाबला, तर कोरड्या डांबरावर गाडी ९ मीटरांत थांबते. दाबलेल्या बर्फावर तिला ३० मीटरच्या वर लागतात, गोठलेल्या थरावर ६० मीटरच्या वर.

आता रस्ता उताराचा धरा. दहा मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली, एवढा उतार त्या भागात काही विशेष नाही. घर्षणांक ०.१ असेल, तर गाडीला खाली ओढणारा जोर आणि ब्रेकला मिळणारी पकड बरोबरीला येतात. चारही चाकं जाम झाली तरी गाडी थांबत नाही, निवांतपणे खाली जात राहते. व्हिडिओतले लोक उडी मारतात ते यामुळे.

यात फोर बाय फोरची मदत किती? चढताना भरपूर. इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते, म्हणून गाडीचं पूर्ण वजन पकडीच्या कामी येतं. साध्या गाडीत साधारण निम्मंच येतं. ०.२ घर्षणांकाच्या बर्फावर साधी गाडी दहाला एक या चढावर दमते, तर फोर बाय फोर जवळजवळ दुप्पट चढ काढते. पण ब्रेक तर आल्टोलाही चारही चाकांना असतात! थांबायची वेळ आली की बर्फाच्या लेखी थार आणि आल्टो सारख्याच. फोर-लोमध्ये, म्हणजे फोर बाय फोरच्या सर्वांत संथ गिअरांत, टाकून इंजिनाच्या ब्रेकवर उतरलं तर गाडी जास्त ताब्यात राहते हे खरं, पण रबराला मुळात जेवढी पकड आहे त्यापेक्षा जास्त ती कुठून आणणार?

थोडक्यात, फोर बाय फोर तुम्हाला अशा जागी चढवून ठेवते जिथून तिला स्वतःला उतरता येत नाही. सकाळी ऊन पडायच्या आत कडक बर्फावरून लांगझाला पोचलात, दुपारी वरचा थर वितळला आणि चार वाजता सावली आल्यावर तोच गोठला, तर परतीचा रस्ता सकाळचा राहिलेला नसतो. शून्य अंशाच्या आसपासचा, वर पाण्याची पातळ फिल्म असलेला बर्फ हा सर्वांत निसरडा. उणे २० मधला कोरडा बर्फ त्यापेक्षा पुष्कळ बरा.

चेन नेमकं काय करते

१९०४ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीडने टायरला गुंडाळायच्या साखळ्यांचं पेटंट घेतलं. त्याआधी लोक चिखलात गाडी रुतू नये म्हणून टायरला दोर आणि वेलीसुद्धा बांधत. मूळ कल्पना आजही बदललेली नाही.

कोकणात किंवा मावळात भाताची चिखलणी पाहिली असेल, तर पॉवर टिलरची रबरी चाकं काढून लावलेली लोखंडी केज व्हील आठवतील. पिंजऱ्याच्या पट्ट्या चिखलात घुसतात आणि चाकाला रेटायला आधार मिळतो. चेनची कडी बर्फात तशीच घुसते. रबराच्या रुंद तळव्यावर पसरलेलं वजन कड्यांच्या थोड्याशा जागेवर एकवटतं आणि कडक थर ओरबाडला जातो. आणि केज व्हील लावून कोणी डांबरी रस्त्यावरून गावात जात नाही, तेही इथे तसंच लागू. मोकळ्या डांबरावर चेनची पकड रबरापेक्षा कमी, हादरे जास्त, आणि कड्या झिजून तुटायची भीती वेगळीच.

आधी गाडीखाली वाकून बघा

चेन घेताना पहिलं मोजमाप चेनचं नसतं, गाडीचं असतं. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत चेनबद्दल एक-दोन ओळी असतात आणि त्या कोणी वाचत नाही. कुठल्या चाकांना लावायची, कुठल्या मापाच्या टायरवर चालते, कड्या किती जाड चालतात, आणि कधीकधी सरळ ‘लावू नये’ असंही लिहिलेलं असतं.

कारण जागेचं आहे. टायरच्या आतल्या बाजूला सस्पेन्शनचा दांडा, स्प्रिंग आणि ब्रेकची रबरी नळी असते. चेन तिथे घासली, तर पहिल्यांदा जाते ती ब्रेकची नळी. अमेरिकेत यासाठी तीन वर्ग केले आहेत. ‘एस’ वर्गाच्या गाड्यांमध्ये टायरच्या तोंडासमोर, म्हणजे नक्षीच्या बाजूला, किमान ३७ आणि आतल्या कडेला किमान १५ मिलिमीटर मोकळी जागा धरलेली असते. ‘यू’ वर्गात हेच ५० आणि २३, ‘डब्ल्यू’ वर्गात ६४ आणि ३८. आपल्याकडच्या गाड्यांवर असा शिक्का नसतो, पण चेनच्या खोक्यावर वर्ग छापलेला असू शकतो. पट्टी घेऊन आपणच मोजायचं.

मोजताना गाडी गॅरेजच्या फरशीवर सरळ उभी असताना मोजू नका. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून पुढच्या चाकामागे हात घालून बघा. मग एक पुढचं चाक दगडावर किंवा उंच कठड्यावर चढवा, म्हणजे सस्पेन्शन दबून टायर मडगार्डच्या आत जाईल, आणि पुन्हा बघा. खडबडीत वाटेवर चाक असंच वरखाली होणार आहे. महामार्गावर चालून जाणारी चेन कच्च्या वाटेवर मडगार्ड फाडते ती या मोजमापात आळस केल्यामुळे. दिखाव्यासाठी कंपनीच्या मापापेक्षा रुंद टायर टाकलेत, तर ही जागा आणखी कमी झालेली असते, हेही लक्षात असू द्या.

कड्यांची जाडी या जागेवरूनच ठरते. लहान गाड्यांसाठी साधारण ९ किंवा १२ मिलिमीटरच्या चेन येतात, मोठ्या एसयूव्हीसाठी १६ च्या. जाड कडी जास्त टिकते आणि खोल चावते, पण बसली तरच उपयोग.

‘युनिव्हर्सल’ माप म्हणजे काय?

म्हणजे विकणाऱ्याची सोय. जिमनीच्या टायरवर १९५/८० आर १५ लिहिलेलं असतं. १९५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ८० टक्के उंचीची भिंत, १५ इंचांची रिम. हिशेब केला तर टायरचा व्यास सुमारे ६९ सेंटिमीटर येतो. थारच्या २५५/६५ आर १८ टायरचा येतो ७९. घेराच्या भाषेत बोलायचं तर दोघांत ३० सेंटिमीटरचा फरक. एकच चेन दोन्हींना ‘बसते’ असं कोणी सांगितलं, तर एकावर ती सैल लोंबणार. सैल चेन फिरताना बाहेर फेकली जाते आणि आदळत राहते. खोक्यावरच्या यादीत तुमच्या टायरचं माप अक्षरश: तसंच छापलेलं असेल तरच घ्या, आणि ते माप दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरून वाचू नका, टायरवरून वाचा. टायर बदललेले असू शकतात.

शिडी की चौकटी?

सगळ्यात जास्त विचार इथे करायचा. चेन टायरवर कशी मांडलेली आहे, यावर ती कुठल्या दिशेला पकडते ते ठरतं.

आपल्याकडे सर्रास मिळते ती शिडीची चेन. दोन्ही कडांना एकेक लांब साखळी आणि मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या साखळ्या. पुढे जायला आणि ब्रेक दाबायला ती झकास, कारण पायऱ्या चाकाच्या दिशेला काटकोनात असतात. पण आडवं घसरताना? आडव्या पायरीच्या लांबीच्या दिशेनेच गाडी सरकते, आणि कडी तिला फारशी अडवत नाही. शिवाय दोन पायऱ्यांच्या मधलं रबर जमिनीला लागतं तेव्हा पकड क्षणभर सुटते, म्हणून गाडी धडधडत चालते.

दुसरी चौकटींची, म्हणजे तिरक्या साखळ्यांचं जाळं टायरवर पसरलेली. चाक कुठेही असो, काही ना काही कड्या जमिनीला टेकलेल्या असतात आणि त्या तिरप्या असल्यामुळे बाजूलाही धरतात. हादरे कमी, पैसे जास्त.

लांगझाची वाट आठवा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि बऱ्याच ठिकाणी रस्ता दरीकडे किंचित कललेला. तिथे पुढे जाता येत नाही ही अडचण किरकोळ आहे, मागे तरी घेता येईल. गाडी बाजूला सरकू लागली तर घेण्यासारखं काही उरत नाही. म्हणून कडेकपारीच्या वाटेसाठी मी डोळे झाकून चौकटीची चेन सांगेन. सपाट मैदानात, शेतात किंवा नदीपात्रात खोल भुसभुशीत बर्फातून गाडी ओढायची असेल, तर शिडीची जाड चेन जास्त चावते आणि स्वस्तही पडते.

कड्यांचा आकारही बघा. गोल कडी लवकर गुळगुळीत होते. चौकोनी किंवा इंग्रजी ‘डी’च्या आकाराच्या कडीला धार असते. काही चेनच्या कड्यांवर ‘व्ही’ आकाराचे दात वेल्ड केलेले असतात. नुसत्या गोठलेल्या थरावर त्यांच्यासारखं काही नाही. पण टायरही ते खातात आणि कच्च्या वाटेवरच्या दगडांवर लवकर बोथट होतात. साध्या लोखंडाच्या चेनपेक्षा कठीण केलेल्या मिश्रधातूची चेन कितीतरी जास्त चालते. खोक्यावर ऑस्ट्रियाचं व्ही ५११७ किंवा मोठ्या गाड्यांसाठी व्ही ५११९ हे मानक, नाहीतर युरोपचं ईएन १६६६२ लिहिलेलं असेल तर कोणीतरी तिची परीक्षा घेतली आहे एवढं तरी नक्की.

राहिला ताण. साध्या चेनला रबरी टेन्शनर लावून घट्ट करावं लागतं, महाग चेन चालता चालता स्वतः आवळत जातात. ग्लोव्ह काढले की बोटं बधिर होतात अशा ठिकाणी या सोयीची किंमत कळते. तरीही कुठलीही चेन लावल्यावर पन्नास-शंभर मीटर चालवून, थांबून, पुन्हा घट्ट करायचीच.

दोन चाकांना पुरे की चारही?

साध्या गाडीत इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांना, हा नियम सोपा. फोर बाय फोरमध्ये वाद होतो. चारही चाकांना लावणं उत्तम, यात वाद नाही. दोनच असतील तर? चढायचा विचार करणारे मागे लावतात, कारण चढावर वजन मागे जातं. पण उतरताना वजन पुढे येतं, ब्रेकचं मोठं काम पुढची चाकं करतात आणि वळवायचंही त्यांनीच. चेन फक्त मागे असेल, तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. फक्त पुढे असेल, तर पुढचा भाग धरून राहतो आणि मागचा भाग फिरून पुढे यायला बघतो. दोन्ही वाईट. मला विचाराल तर पुढे, आणि वेग पायी चालण्याइतका. मात्र पुस्तिकेत ‘मागे’ लिहिलं असेल तर मागेच लावा. काही गाड्यांमध्ये पुढच्या चाकामागे चेनपुरती जागाच नसते, म्हणून तसं लिहिलेलं असतं. आणि दोन जोड्या परवडत नाहीत म्हणून डावं पुढचं आणि उजवं मागचं अशी वाटणी कृपा करून करू नका.

पट्टे, मोजे, कमी हवा: स्वस्तातले उपाय

अलॉय चाकाच्या फटीतून ओवून बांधायचे प्लास्टिकचे पट्टे रुतलेली गाडी दोन फूट बाहेर काढायला ठीक. त्यांच्यावर घाट उतरू नका. ते सुटतात, आणि आतली गाठ ब्रेकच्या कॅलिपरला घासू शकते. टायरवर चढवायचे कापडी मोजे युरोपात शहरी गाड्यांना चालतात, दाबलेल्या बर्फावर चांगलेही वागतात. दगडी वाटेवर ते फाटतात.

टायरची हवा कमी करणं हा वाळूत आणि खोल ताज्या बर्फात खरोखर चांगला उपाय आहे. टायर पसरतो आणि गाडी वर तरंगते. पण चेनला नेमकं उलटं हवं असतं, ती खाली चावून धरते. शिवाय हवा कमी केली की टायरची भिंत फुगते, चेन सैल होते आणि आतल्या नळीकडे सरकते. दोन्हींतलं एक निवडा. चेन लावायची तर हवा कंपनीच्या आकड्याला.

‘माझे ऑल-टेरेन टायर आहेत, त्यावर एम+एस लिहिलंय’ असंही ऐकू येतं. एम+एस म्हणजे चिखल आणि बर्फ, पण तो शिक्का नक्षीवरून मिळतो, बर्फातल्या परीक्षेवरून नाही. तीन शिखरांत हिमकण असं चित्र असेल तर तो टायर बर्फावर तपासलेला असतो. आपल्या नेहमीच्या टायरचं रबर ७ अंशांखाली कडक व्हायला लागतं, हे त्या चित्रामागचं कारण. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी मंडळींना टाहो तलावाकडे जाताना याचा नियमच भेटतो. तिथे ‘आर-२’ लागू असेल तर चारही चाकांना बर्फाचे टायर असलेल्या फोर व्हील ड्राइव्हला चेन न लावता सोडतात, पण गाडीत चेन ठेवावीच लागते. ‘आर-३’ला कोणालाच सूट नाही.

सोलंगला किंवा तंगमर्गला चेन भाड्याने मिळतात आणि तिथली पोरं पाच-दहा मिनिटांत लावूनही देतात. पुढच्या दहा किलोमीटरपुरतं तेच शहाणपणाचं. काझाच्या वर मात्र रस्त्यात कोणी उभं नसतं, तेव्हा स्वतःची हवी आणि लावायची सवयही हवी.

घरी लावून बघा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दिवसाउजेडी, पुस्तिका समोर ठेवून एकदा लावून काढा. गुंता सोडवायला कळतो, आतला हुक आधी लावायचा हे कळतं, हुकाचं उघडं तोंड टायरपासून बाहेर ठेवायचं हे कळतं. सोबत रबरी ग्लोव्ह, डोक्याला बांधायचा टॉर्च, गुडघ्याखाली टाकायला ताडपत्री, दोन-चार जोडकड्या आणि बारीक तार. लावायची ती चढ सुरू होण्याआधी, सपाटीवर. अर्ध्या चढावर रुतल्यावर जॅक लावून चेन चढवायला जाणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

चेन लावून ताशी ५० च्या वर बहुतेक कंपन्या जाऊ देत नाहीत, कच्च्या वाटेवर त्याच्या निम्म्यानेही जाऊ नका. चाक जागच्या जागी फिरू लागलं की ॲक्सिलरेटर सोडा; फिरत्या चेनने खड्डा खणला जातो आणि कडी तुटते. टकटक आवाज आला तर लगेच थांबा. तुटलेला तुकडा मडगार्डच्या आत चाबकासारखा चालतो.

चेन लावूनही काय होत नाही

बर्फ गाडीच्या पोटापेक्षा उंच असेल तर चेन कामाची नाही. पोट बर्फावर टेकतं, चाकं अधांतरी फिरतात. तेव्हा फावडं लागतं. आणि तसंच रात्रभर अडकून राहायची वेळ आली तर हीटरसाठी इंजिन चालू ठेवण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा आणि पुन्हा पुन्हा बघत राहा. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये २० हून अधिक माणसं गेली. थंडीबरोबरच गाडीत साठलेला कार्बन मोनॉक्साइड हेही कारण सांगितलं गेलं.

घरी परतल्यावर चेन गोड्या पाण्याने धुवा, उन्हात पूर्ण वाळवा, हलकं तेल लावा आणि मगच पिशवीत भरा. बर्फाच्या रस्त्यावर कधीकधी मीठ टाकलेलं असतं, आणि मुंबईची दमट हवा उरलेलं काम करते. भरताना प्रत्येक आडवी साखळी बोटांतून फिरवा. एखादी कडी मूळ जाडीच्या निम्म्यावर आली असेल तर ती चेन भंगारात द्या.